रोमहून खानापूर-निपाणी: उतरायचं कुठं? मुंबई, मोपा की बेंगळूर?

मलप्रभाकाठ

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी मैत्रीण ऑस्ट्रिया-इटली करून रोमहून परत येणार. मी बेळगावजवळच्या खानापूरची, ती निपाणीची. दोघी पन्नाशीच्या पुढं, तिला पायांच्या शिरा फुगण्याचा त्रास. तिकिटं अजून काढलेली नाहीत. परतीचे तीन पर्याय निघालेत. तिन्ही गल्फमध्ये विमान बदलून आणि तिन्ही शनिवारचे:

मुंबई, पहाटे ३ ला उतरणार. सगळ्यात स्वस्त. रोमहून सकाळी ११ ला निघायचं.
मोपा (गोवा), पहाटे ४.३० ला. माणशी नऊ हजार जास्त.
बेंगळूर, सकाळी ८.३० ला. माणशी पाच हजार जास्त.

मोठ्या बॅगा दोन, लहान दोन. घरचे म्हणतात, मुंबईला घ्या, आम्ही बेळगावहून गाडी पाठवतो. फिरून दमलेलं शरीर घेऊन घर गाठायला यातलं काय बरं? बॅगांचं, पायांचं, झोपेचं काय करायचं तेही सांगा.

शिनोळी_फाटा

ताई, आधी घड्याळ मांडून बघा. उन्हाळ्यात रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. ११ च्या विमानासाठी हॉटेल ७ ला सोडणार, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेदहा. मुंबईत पहाटे ३ ला चाकं टेकली की साडेसोळा तास झाले. आणि त्या वेळी तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे खरी झोप आता कुठं यायला लागते. नेमकं तेव्हाच तुम्हाला बॅगा ओढायच्या आहेत, गाडी शोधायची आहे आणि पुढं पाचशे किलोमीटर जायचं आहे.

मुंबईची खरी अडचण अंतराची नाही, वेळेची. बेळगावकडं येणाऱ्या स्लीपर बस संध्याकाळी सुटतात. दादरहून निघणाऱ्या गाड्या रात्रीच्या. पहाटे ३ ला उतरणारा माणूस दोन्हींच्या बरोबर मधल्या खड्ड्यात पडतो. सांबऱ्याचं, म्हणजे बेळगाव विमानतळाचं, विमान सापडलं तर ठीक, पण विमानांचं वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं आणि मुंबई-बेळगावसारख्या मार्गावर तर अधेमधेही हलतं. शिवाय जूनअखेरीस सांबऱ्यावर ढग खाली आले की विमान लटकतं. त्यावर सगळी मदार ठेवू नका.

बेळगावहून गाडी पाठवणं हा तिन्हींतला सगळ्यात वाईट उपाय, स्पष्टच सांगतो. पहाटे ३ ला मुंबईत हजर राहायला ड्रायव्हर आदल्या दिवशी दुपारी निघणार. दहा तास चालवणार, तासभर पार्किंगमध्ये डुलकी काढणार आणि तुम्हाला घेऊन परत दहा तास. घाट, सातारा ते कागल सहापदरीच्या कामाची वळणं, पाऊस. मागं तुम्ही दोघी गाढ झोपलेल्या, त्याच्याशी बोलणारंही कुणी नाही. पाठवायचीच असेल तर दोन ड्रायव्हर पाठवा, नाहीतर त्याला मुंबईत आठ तासांची खोली द्या. त्या पैशात मोपाचा फरक निघतो की.

माझं मत मोपा. तिकिटावर विमानतळाचा कोड मात्र बघून घ्या. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून नुसतं 'गोवा' एवढं वाचून तिकीट काढणाऱ्यांची हमखास गफलत होते. मोपा ते बेळगाव सावंतवाडी-आंबोलीमार्गे साधारण ११५ ते १२० किलोमीटर, तीन तास धरा. दाबोळीला उतरलात तर अख्खा गोवा ओलांडायचा.

दादरची_गाडी

वरच्यांचं बरोबर आहे, पण मुंबई एवढीही टाकाऊ नाही. 'उतरलो की लगेच निघायचं' हा हट्ट सोडला तर तीच आरामाची होते.

करायचं असं: पहाटे ३ ला उतरून विमानतळाजवळच्या हॉटेलात खोली. बुक करताना पहाटे ४ चा चेक-इन मिळणार का, हे फोन करून पक्कं करा. बहुतेक ठिकाणी दिवस दुपारी सुरू होतो, तेव्हा आदल्या तारखेची रात्र घ्यावी लागते. तारीख चुकली तर पहाटे काउंटरवर वाद. दुपारपर्यंत झोपायचं, अंघोळ, जेवण, आणि रात्री दादरहून हुबळी एक्स्प्रेस. आडवं पडून सकाळी बेळगाव. थर्ड एसीपेक्षा सेकंड एसी घ्या. मधला बर्थ नसल्यानं पाय वर करून बसता येतं आणि मोठी बॅग खाली नीट जाते. दोन्ही खालचे बर्थ मागा.

एकच गोची. निपाणीला रेल्वे नाही. मैत्रिणीसाठी स्लीपर बस बरी, ती निपाणीवरूनच जाते. पण बायपासला पहाटे ४ ला उतरवून निघून जाते, तेव्हा घरचं कुणीतरी उभं हवं. बसमध्ये बर्थ खालचा आणि मधल्या भागातला घ्यायला सांगा. मागच्या चाकावरचे आणि शेवटच्या रांगेतले बर्थ आदळतात.

आणि महाराष्ट्राच्या एसटीवर विसंबू नका. सीमेवरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस हद्दीशीच थांबतात. मग कागल नाहीतर कोगनोळीला उतरून बॅगांसकट वडाप शोधत बसायचं. त्या आठवड्यातल्या बातम्या बघूनच ठरवा.

मलप्रभाकाठ

दादरवाले, म्हणजे शनिवारी उतरून घरी रविवारी. हॉटेल धरून मुंबई स्वस्त राहातच नाही, नाही का? बेंगळूरबद्दल कुणी सांगेल काय?

दादरची_गाडी

नाही राहात, मान्य. पण मी आरामाचं बोलत होतो, स्वस्ताचं नाही.

टिळकवाडी_दुसरं_गेट

बेंगळूरचं सांगतो.

आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ ला उतरतात. बेळगावचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर बाहेर येऊन शटल बस धरावी लागते, चालत जायचं अंतर नव्हे. ८.३० ला उतरलात तर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम धरून पावणेदहा-दहा. दोन तिकिटं वेगळी काढणार असाल तर उतरण्याची वेळ आणि पुढचं विमान यांत चार तास ठेवा. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही.

विमान जमलं नाही तर वंदे भारत. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावपर्यंत येते. सध्या बेंगळूरच्या मुख्य स्टेशनहून दुपारी २.२० ला सुटून रात्री १०.४० च्या सुमारास बेळगावात, बुधवार सोडून. विमानतळ ते मॅजेस्टिक (मुख्य स्टेशनसमोरचं बसस्थानक) ३५ किलोमीटर. वायुवज्र बस केआयए-९ थेट जाते, बॅगा खाली ठेवायला जागा असते, दीड तास धरा. शनिवारी म्हणून बरं, सोमवारी सकाळी हेब्बाळला दोन तासही जातात. पण गाडी बसायची आहे, झोपायची नाही. सव्वाआठ तास खुर्चीत, तेही विमानातल्या खुर्च्यांनंतर. फुगलेल्या शिरांच्या पायाला हे चांगलं नाही. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं आडवं पडून येता येतं, पण मग दिवसभर बेंगळुरात काढायचा.

एक फायदा मात्र खरा. मुंबई आणि बेंगळूर दोन्हीकडं भारतीयांसाठी जलद इमिग्रेशनची ई-गेटं आहेत. सरकारच्या संकेतस्थळावर आधी अर्ज, मग बोटांचे ठसे आणि फोटो, फी नाही. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून निघायच्या दीड-दोन महिने आधी भरा. पहाटे चार विमानं एकदम उतरली की साध्या रांगेत तास जातो, इथं काही मिनिटं.

हुबळीचं विमान विसरू नका. सांबऱ्याचं मिळालं नाही की लोक हात टेकतात. हुबळी ते बेळगाव शंभरेक किलोमीटर सरळ हायवे, आणि खानापूरला तर धारवाड-अळणावर बाजूनंही येता येतं.

बॅग_वजनकाटा

बॅगांवर कुणी बोललं नाही आणि दमछाक तिथंच होते.

गल्फच्या कंपन्या युरोपहून साधारण २५ ते ३० किलो देतात. देशातल्या विमानात १५ किलो, हातात ७. पुढचं विमान त्याच पीएनआरवर असेल तर आंतरराष्ट्रीय वजन शेवटपर्यंत चालतं. वेगळं तिकीट असेल तर मुंबई-बेंगळुरात काउंटरवर दहा-दहा किलोचा दंड, किलोमागे काही शे रुपये. आधी ऑनलाइन घेतलं तर कमी पडतं. मोपाला उतरलात तर हा प्रश्नच नाही, थेट डिकीत.

एकाच पीएनआरवर असलं तरी भारतात पहिल्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून उचलून कस्टममधून न्यायची आणि ट्रान्सफर काउंटरवर परत द्यायची. टॅगवर बेळगाव लिहिलंय म्हणून ती आपोआप येईल असं समजून बाहेर पडणारे असतात.

रोमला चेक-इन करताना काउंटरवाल्याला सांगा, प्रत्येकीची बॅग तिच्याच नावावर टॅग करा. एका पीएनआरवर दोघी असल्या की तो सगळ्या बॅगा पहिल्या नावावर चिकटवतो. बॅग हरवली तर भरपाईची मर्यादा माणशी मोजतात, मॉन्ट्रियल करारानुसार सध्या १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). दोन्ही बॅगा एकीच्या नावावर म्हणजे उगाच घोळ. तुम्ही तर पुढं वेगळ्या होऊन दोन गावांना जाणार. बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आत पीआयआर (बॅग न मिळाल्याची लेखी नोंद) करून घ्या, पिनकोड आणि खूण यांसकट घरचा पत्ता लिहा. तुटली असेल तर लेखी तक्रार सात दिवसांत. दोघींचे एक-एक जोडी कपडे एकमेकींच्या बॅगेत घाला, बास.

इटलीचा कर परत घ्यायचा असेल तर एका पावतीवर ७० युरोच्या वरची खरेदी हवी आणि कागदावर कस्टमची मंजुरी बॅग चेक-इन करायच्या *आधी*. वस्तू दाखव म्हटलं तर दाखवावी लागते. ऑस्ट्रियात घेतलेल्याचंही रोमलाच होतं, कारण युरोपीय संघातून तुम्ही तिथून बाहेर पडता. यालाच अर्धा-पाऊण तास द्या. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टच्या रांगेत बोटांचे ठसे-फोटोची नवी पद्धत आलीय, त्यामुळं तिथंही वेळ जातो. ११ च्या विमानाला साडेसातपर्यंत विमानतळावर. तेर्मिनी स्टेशनहून लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत पोचवते, तिकीट १४ युरो. हिशोबानं ७ ला नव्हे, साडेसहाला हॉटेल सोडा. परतीचा दिवस शुक्रवार पडतो आणि इटलीत रेल्वेचे संप बरेचदा शुक्रवारीच असतात. संपाची तारीख आधी जाहीर होते, आदल्या आठवड्यात बघून ठेवा.

लिमोनचेल्लोची (लिंबाची इटालियन दारू) बाटली घेणार असाल (घेतातच सगळे) तर सरळ चेक-इन बॅगेत, मोज्यात गुंडाळून. ड्यूटी-फ्रीतून हातात घेतली तर सीलबंद पिशवी फोडू नका, गल्फमध्ये परत तपासणी होते. माणशी दोन लिटरपर्यंत चालतं. पावती जपा. गोव्याकडून येताना कणकुंबीच्या नाक्यावर अबकारीवाले डिकी उघडायला लावतात आणि गोव्यातली बाटली कुठली, विमानतळावरची कुठली, हे पावतीवरूनच कळतं.

शहापूर_फिजिओ

पायांचं आणि झोपेचं.

मैत्रिणीनं गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे घ्यावेत. प्रवासासाठी १५ ते ३० मिमी दाबाचे मिळतात. तिच्या शिरांना नेमके कुठले, हे तिच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधुमेह किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर विचारल्याशिवाय घालायचेच नाहीत. माप सकाळी घ्यायचं, घोट्याचा आणि पोटरीचा घेर. दुकानदार बुटाच्या नंबरावर देतो, ते चुकीचं. घालायचे ते रोमच्या हॉटेलात उठल्या-उठल्या, पाय खाली सोडून फिरायच्या आधी. एकदा सूज आली की ते चढत नाहीत आणि चढले तर वरची कड रुतते. लांब होतात म्हणून वरची कड दुमडली की ती दोरी बांधल्यासारखी आवळते आणि खालचं रक्त अडतं. बहुतेकांचं बिघडतं ते इथंच. जादाची लांबी घोट्यापासून वर सारखी पसरवा, कड गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं. आणि विमानातून उतरलं की काढू नका, पुढच्या गाडीत तीन तास पाय लोंबकळणारच आहेत. घरी आडवं झाल्यावर काढा.

सीट वाटेवरची. तासा-दीड तासाला उठून चालायचं. उठता आलं नाही तर टाच टेकून चवडे वर, मग चवडे टेकून टाचा वर, २०-२० वेळा. पायाखाली बॅग ठेवू नका, पाय हलत नाहीत. परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर 'प्रवासाचा शीण' म्हणून अंगावर काढायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

झोप. युरोपहून येणं म्हणजे पूर्वेकडं येणं, शरीराला लवकर झोपायला लावणं, आणि ते त्याला जमत नाही. दिवसाला साधारण एक तास सरकतं, म्हणजे साडेतीन तासांना तीन-चार दिवस. रोममधले शेवटचे तीन दिवस रोज अर्धा-पाऊण तास लवकर झोपा, लवकर उठा. पहिल्या विमानात झोपू नका, तिथं दिवसच असतो. दुसऱ्यात बसल्याबरोबर डोळे बांधा, जेवण नको म्हणून सांगा. तीन तासांच्या विमानात जेवणाचा ट्रे आला की तास गेला. दुपारनंतर कॉफी नाही. इटलीत हे अवघड जाईल, पण घेतलेल्या कॉफीतली निम्मी पाच-सहा तासांनीही अंगात असते.

घरी पोचल्यावर पेज नाहीतर आमटी-भात, गजर लावून दीड-दोन तास झोप. मग उठून उजेडात बसा. सहा तास झोपलात तर रात्री ३ ला टक्क जाग्या. रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत असू द्या. इन्सुलिन असेल तर वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मलप्रभाकाठ

मोपा ठरवतोय. पण पुढं एक खानापूर, एक निपाणी. एकच गाडी करायची की दोन? आणि जूनअखेर घाट कुठला?

शिनोळी_फाटा

एकच गाडी, आंबोलीनं बेळगाव.

नकाशावर दोघींना दोन सोयीच्या वाटा दिसतील. निपाणीला आंबोली-आजरा-उत्तूर, आणि खानापूरला चोर्ला-कणकुंबी-जांबोटी, जांबोटीहून थेट खानापूर. दोन गाड्या केल्या तर दोघी एकट्या पडतात आणि पैसे दुप्पट. एकाच गाडीनं बेळगावला या. मध्यवर्ती बसस्थानकावरून निपाणी ७५ किलोमीटर, कर्नाटकच्या वायव्य परिवहनच्या आणि कोल्हापूरकडच्या बस दिवसभर चालू असतात. त्यापेक्षा बरं म्हणजे निपाणीहून घरच्यांना तेवढ्यापुरतं बेळगावला बोलवा. तुम्ही त्याच गाडीनं पुढं खानापूर, २६ किलोमीटर.

पावसात चोर्ल्यात धुकं उतरतं, रस्ता उखडतो आणि घाटात मोबाइलला रेंज नसते. आंबोलीतही दरडी येतात, पण वर्दळ जास्त, मदत लवकर. ड्रायव्हर 'तिलारीनं जवळ पडतंय' म्हणेल. नको म्हणा, चढ उभा, वळणं आवळ, पावसात तिथं काही कमावायचं नाही.

तुमची वेळ मात्र छान जुळते. ४.३० ला उतरून पावणेसहाला बाहेर. सहाच्या पुढं उजाडतं. सावंतवाडीला चहा, सातच्या सुमारास घाटात, उजेडात. शनिवार-रविवार धबधब्याला जी गर्दी लोटते ती नऊ-दहानंतर. मुख्य धबधबा रस्त्यालाच लागून आहे, एकदा गाड्या उभ्या राहिल्या की दोन-दोन तास हलत नाहीत. म्हणून विमान चार तास लेट झालं तर आंबोली सोडा आणि चोर्लाच धरा. हा एकच अपवाद.

ड्रायव्हरला आदल्या रात्री ९ ला झोपायला सांगा, दीडला निघू दे. भाडं जाऊन-येऊन किलोमीटरवर ठरतं. टोल, पार्किंग, परमिट आत की बाहेर हे आधीच विचारा. गाडी अरायव्हलच्या दारात बोलवू नका, स्थानिक टॅक्सीवाल्यांशी वाद होतो, पार्किंगमध्येच थांबू दे. त्याचा नंबर कागदावर लिहून घ्या. काही गल्फ कंपन्यांच्या विमानात पॉवरबँक बरोबर ठेवता येते, वापरता येत नाही. फोन गल्फच्या विमानतळावरच पूर्ण चार्ज करा आणि भारतातलं सिम तिथंच घाला. इथं उतरल्यावर विमानतळाच्या वायफायलाही ओटीपी लागतो.

टिळकवाडी_दुसरं_गेट

एक राहिलं. जूनअखेर खानापुरात वारं सुटलं की हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन जाते, कधी रात्रभर. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी टाकी भरून ठेवायला आणि इन्व्हर्टर चालू करायला सांगा. दूधही त्यांच्याकडंच.

मलप्रभाकाठ

टाकीचं लक्षातच आलं नव्हतं. ई-गेटचा अर्ज मोपासाठी लागणार नाही, पण पुढं उपयोगी पडेल म्हणून आजच भरते. मोज्यांसाठी मैत्रीण सोमवारी डॉक्टरांकडं जातेय.